बॉल एकाच्याच हातात नको: कॉलेजच्या क्रीडा विभागाला आणि बास्केटबॉल प्रशिक्षकांना खुलं पत्र

प्रति,
क्रीडा विभागप्रमुख आणि बास्केटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक यांस,

विषय: नव्या हंगामात बॉल हाताळण्याची सगळी जबाबदारी एकाच खेळाडूवर टाकण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

नव्या हंगामासाठी बारा जणांची यादी आणि तिच्यासोबतची सूचना फलकावर लागली. सूचनेत म्हटलंय की बॉल वर आणण्याचं, म्हणजे आपल्या अर्ध्यातून समोरच्या अर्ध्यात नेण्याचं, काम फक्त पॉइंट गार्ड (संघाची चाल रचणारा खेळाडू) करेल. रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परतलेला बॉल) कुणीही घेतला तरी बॉल लगेच त्याच्याकडे द्यायचा आणि बाकीच्यांनी पळत आपापली जागा गाठायची. फॉरवर्ड आणि सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू, यांनी ड्रिबल करायचं (बॉल आपटत न्यायचा) नाही, केलं तर बेंचवर बसायचं. त्यातच पॉइंट गार्डला विश्रांती देताना बॉल सांभाळणारा दुसरा गार्ड यादीतून गेला आणि त्याच्या जागी एक उंच शूटर आला.

हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी काही जण याच संघातून खेळलेत, काही जण आज लहान मुलामुलींना हा खेळ शिकवतात, काही जण सामन्यांच्या टेबलवर स्कोअरशीट आणि शॉट क्लॉक सांभाळतात. आम्ही शिकवलेली मुलं पुढे याच संघात येतात. लहानपणी दोन्ही हातांनी ड्रिबल करायला शिकलेला मुलगा उंच झाला म्हणून कॉलेजात त्याला ड्रिबलची बंदी होते, हे आम्हाला गप्प बसून पाहवत नाही. पत्र उघड लिहिण्याचं कारणही हेच. खेळाडूंनी, पालकांनी आणि इतर कॉलेजांच्या प्रशिक्षकांनीही ते वाचावं, कारण असा निर्णय घेणारं आपलं एकच कॉलेज नाही.

निर्णयामागचं कारण आम्हाला समजतं. गेल्या हंगामात उंच खेळाडूंच्या हातून बॉल बऱ्याच वेळा गेला, त्यावर समोरच्यांना फुकटचे ले-अप (बास्केटजवळचे सोपे शॉट) मिळाले, आणि ज्याच्या हातात बॉल सुरक्षित आहे त्याच्याकडेच तो ठेवावा असं वाटणं साहजिक आहे. पण या उपायाने दुखणं कमी होणार नाही, उलट वाढेल. कसं, ते नियम आणि घड्याळ समोर ठेवून सांगतो.

आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी खेळतो. बास्केट खाल्ल्यावर एंडलाइनवरून (बास्केटमागच्या रेषेवरून) बॉल आत टाकायला 5 सेकंद मिळतात. आतल्या खेळाडूचा हात बॉलला लागला की 24 सेकंदांचं घड्याळ (शॉट क्लॉक, तेवढ्यात शॉट मारावा लागतो) सुरू होतं आणि अर्ध कोर्ट ओलांडण्याचे 8 सेकंदही तिथूनच मोजले जातात. शॉट क्लॉकवर 16 दिसले आणि बॉल अजून मागच्या अर्ध्यात असेल तर बॉल गेला. ड्रिबल करणाऱ्याचे दोन्ही पाय आणि बॉल, हे तिन्ही रेषेपलीकडे टेकल्याशिवाय ओलांडलं असं धरत नाहीत. बचाव करणाऱ्याने बॉल बाहेर मारला तरी नवे 8 सेकंद मिळत नाहीत, उरलेल्या सेकंदांतच काम भागवावं लागतं.

कोर्ट 28 मीटरचं, म्हणजे रेषेपर्यंत 14 मीटर. समोर कुणी नसेल तर गार्ड हे अंतर चार-पाच सेकंदांत सहज कापतो. एक चांगला बचावपटू त्याला डावी-उजवीकडे वळवत राहिला तर सहा-सात सेकंद जातात. इनबाउंड पास (रेषेबाहेरून आत टाकलेला पास) घेतानाच त्याला अडवलं, पाठ करून आणि एंडलाइनच्या जवळ बॉल घ्यायला लावलं, तर पहिले दोन सेकंद नुसते वळण्यात जातात. सात सेकंदांत रेषा ओलांडली तर घड्याळात 17 उरतात. जागा घ्यायला आणि पहिली स्क्रीन (उभं राहून बचावपटूची वाट अडवणं) लागायला तीन-चार सेकंद धरा. उरलेल्या 13 सेकंदांत एक स्क्रीन, एकदा बॉल दुसऱ्या बाजूला फिरवणं आणि मग घाईचा शॉट. हाच बॉल चार सेकंदांत वर आला तर 20 उरतात आणि पहिली चाल फसली तरी दुसरी खेळता येते. बॉल वर कोण आणतो यावर आपल्याला शॉट कसा मिळणार हे ठरतं.

प्रशिक्षक वर्गाने बसवलेल्या बऱ्याच चाली अमेरिकन कॉलेज सामन्यांच्या व्हिडिओंवरून घेतलेल्या दिसतात. तिथे बॉल वर आणायला 10 सेकंद आणि शॉटला 30 सेकंद असतात. शिवाय तिथे ट्रॅपमध्ये (दोन बचावपटूंच्या कोंडीत) अडकलेला खेळाडू बॉल हातात ठेवून टाइम-आउट मागू शकतो. फिबाच्या नियमांत ही सोय नाही. टाइम-आउट टेबलकडे प्रशिक्षकच मागतात आणि तो बॉल डेड झाल्यावर (खेळ थांबल्यावर) किंवा समोरच्याने बास्केट केल्यावरच मिळतो. तिथल्या एकट्या पॉइंट गार्डला जी सवलत आहे ती आपल्या पॉइंट गार्डला नाही. चाल उचलायची तर सेकंदही मोजून उचलायला हवेत.

आता पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. एकच हँडलर (बॉल हाताळणारा) असलेल्या संघाविरुद्ध काय करायचं, हे समोरच्या कुठल्याही प्रशिक्षकाला पाच मिनिटांत कळतं. बास्केट झाली की त्याच्या अंगाला चिकटून राहायचं आणि बॉल घेऊच द्यायचा नाही. घेतलाच तर साइडलाइनकडे ढकलायचं, मधली वाट बंद ठेवायची आणि अर्ध्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे दुसरा बचावपटू सोडायचा. बाकीच्या चौघांना ड्रिबलची बंदी आहे हे त्यांना दुसऱ्या सामन्यापर्यंत समजेलच. मग त्या चौघांना सैल सोडून पासच्या वाटा अडवता येतात, कारण ज्याच्या हातात बॉल जाईल तो जागेवरच थांबणार, हे त्यांना आधीच माहीत असतं.

ट्रॅप कुठे लागतो ते जरा जवळून पाहा. रेषा ओलांडल्यावर लगेच, साइडलाइनजवळचा कोपरा. एका बाजूला साइडलाइन, पाठीमागे अर्धी रेषा, जिच्या मागे आता बॉल नेता येत नाही, आणि समोर दोन बचावपटू. पहिला गुडघे वाकवून बाहेरची वाट बंद करतो, दुसरा तिरका धावत येऊन त्याच्या गुडघ्याला गुडघा भिडवतो, दोघांचे हात वर. दमलेला गार्ड इथे ठरावीक चूक करतो. दुसरा बचावपटू दिसला की तो ड्रिबल थांबवून बॉल दोन्ही हातांत धरतो, डोक्यावर नेतो आणि उडी मारून पास टाकतो. हवेत असताना पासची वाट बंद झाली तर त्याच्याकडे काही उरत नाही. बॉल लोंबत जातो, मधला बचावपटू तो उचलतो आणि पुढे कुणीच नसतं. उडी नाही मारली तर एक मीटरच्या आत बचावपटू उभा असताना बॉल धरून ठेवायला फक्त 5 सेकंद असतात.

यातून सुटायचं कसं हे शिकवता येतं. दुसरा बचावपटू दिसताच ड्रिबल न सोडता दोन ड्रिबल मागे यायचं, छाती कोर्टच्या मध्याकडे ठेवायची, दोघांमध्ये फट पडली की क्रॉसओव्हर करून (बॉल एका हातातून दुसऱ्या हातात नेऊन) निघायचं. मात्र हे रेषेच्या अलीकडेच करता येतं. म्हणून रेषा कोपऱ्यातून नव्हे, मध्यभागाजवळून ओलांडायची. ड्रिबल थांबलाच तर बॉल हनुवटीखाली, कोपर बाहेर, एका पायावर पिव्होट (तो पाय न उचलता वळणं), बाहेरच्या बचावपटूच्या पायापलीकडे लांब पाऊल टाकून खालून किंवा बाजूने पास. पण हा पास घेणारा कोण? त्याच्या मागे दोन-तीन मीटरवर उभा असलेला एक जण, मध्यभागी पुढून येणारा एक जण, आणि साइडलाइनवर पुढे एक जण. या तिघांना पास घेऊन पुढचं काम करता आलं तरच ट्रॅप फुटतो. सूचनेप्रमाणे या तिघांनाही बॉल परत पॉइंट गार्डकडेच द्यायचा आहे, आणि तो तर अजून ट्रॅपमध्येच उभा आहे.

मध्यभागी येणारा खेळाडू आपल्या संघात उंच फॉरवर्ड असतो, आणि ते बरोबरच आहे, कारण त्याला वरचा पास घेता येतो. त्याने दोन्ही हातांनी बॉल घ्यायचा, दोन्ही पायांवर एकदम थांबायचं, पुढे वळून बास्केटकडे तोंड करायचं. त्या क्षणी दोन बचावपटू मागे राहिलेले असतात आणि पुढे तिघांसमोर दोघे असतात. दोन ड्रिबल केले की एका बचावपटूला त्याच्याकडे यावंच लागतं आणि कोपऱ्यातला शूटर मोकळा होतो. हे दोन ड्रिबल आपण बंद केले आहेत. ज्या शूटरसाठी दुसरा गार्ड काढला, त्या शूटरपर्यंत बॉल पोहोचण्याची सगळ्यात सोपी वाटही त्याबरोबर बंद झाली.

हाच प्रश्न पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन लावून लगेच बास्केटकडे वळण्याच्या चालीत) येतो. आपल्या गार्डवर दोघे धावून येतात, स्क्रीन लावणारा सेंटर फ्री थ्रो लाइनपाशी पास घेतो. आता चौघांविरुद्ध तिघे आहेत. इथे एक ड्रिबल आणि एक पास यांवर दोन किंवा तीन गुण अवलंबून असतात. सेंटरने बॉल डोक्यावर धरून गार्डची वाट पाहिली तर तोवर बचाव परत जुळतो.

उंच खेळाडूला बॉल झेपत नाही, ही समजूत खेळाने कधीच खोटी ठरवली आहे. मॅजिक जॉन्सन 2 मीटर 6 सेंटिमीटर उंचीचा पॉइंट गार्ड होता. 1979 मध्ये तो मिशिगन स्टेटकडून एनसीएए (अमेरिकन कॉलेजांची स्पर्धा) विजेता झाला आणि 1980 च्या एनबीए (अमेरिकन व्यावसायिक लीग) अंतिम मालिकेच्या सहाव्या सामन्यात सेंटरच्या जागी उभा राहून त्याने 42 गुण, 15 रिबाउंड आणि 7 असिस्ट (ज्यावर बास्केट होते असे पास) केले. एनबीएमधला निकोला योकिच सेंटर आहे आणि 2024-25 च्या हंगामात त्याची सरासरी दर सामन्याला दहापेक्षा जास्त असिस्टची होती. आपला सेंटर योकिच नाही, हे उत्तर येईल. नसेलच. पण आम्ही त्याच्याकडून फक्त दोन ड्रिबल मागतो आहोत.

दुसरी तक्रार दमछाकीची. सामना 40 मिनिटांचा. दुसरा हँडलर नसेल तर पॉइंट गार्डला 35 किंवा जास्त मिनिटं खेळवावं लागेल, आणि प्रत्येक पझेशनमध्ये (बॉल आपल्या ताब्यात असताना) दबाव त्याच्यावरच. दमलेला हँडलर ओळखू येतो. ड्रिबल कमरेच्या वर येतो, नजर बॉलवर पडते, डावा हात वापरणं बंद होतं, रेषा ओलांडताच तो ड्रिबल थांबवतो. बचावात पाय हलायचे थांबतात, म्हणून तो हात घालतो आणि फाउल होतो. पाच फाउलला तो बाहेर. पहिल्या क्वार्टरमध्ये त्याचे दोन फाउल झाले तर पुढची आठ-दहा मिनिटं बॉल कोण आणणार, याचं उत्तर सूचनेत नाही. पाय मुरगळला तर काय, याचंही नाही.

आकडेमोड सोपी आहे. पहिल्या हँडलरला 29 मिनिटं आणि दुसऱ्याला 22 मिनिटं द्या, दोघे एकाच वेळी बेंचवर बसणार नाहीत एवढं पाहा, म्हणजे 11 मिनिटं दोघे एकत्र कोर्टवर असतात. ही 11 मिनिटं क्वार्टरच्या शेवटी आणि सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत वापरायची, जेव्हा प्रेस (पूर्ण कोर्टभर दबाव आणणारा बचाव) लागतो आणि फाउल करून घड्याळ थांबवलं जातं.

शेवटच्या सेकंदांत दुसरा हँडलर कसा उपयोगी पडतो याचं उदाहरण कॉलेज बास्केटबॉलमध्येच आहे. मार्च 2019 मध्ये एनसीएएच्या उपांत्य फेरीत जाण्यासाठी व्हर्जिनिया आणि पर्ड्यू यांचा सामना होता. व्हर्जिनिया दोन गुणांनी मागे, मुख्य हँडलर टाय जेरोम फ्री थ्रो लाइनवर. दुसरा फ्री थ्रो चुकला, त्याच संघातल्या ममाडी डियाकिटेने टोलवलेला बॉल थेट मागच्या अर्ध्यात गेला. बॉल उचलला पहिल्या वर्षाच्या, संघातल्या सगळ्यात बुटक्या गार्डने, किहेइ क्लार्कने. त्याने ड्रिबल करत नजर वर ठेवली, दूरवर मोकळा झालेला डियाकिटे पाहिला आणि लांब पास दिला. घड्याळ संपता संपता बास्केट झाली, सामना जादा वेळेत गेला, व्हर्जिनियाने तो 80-75 जिंकला आणि पुढे विजेतेपदही घेतलं. मुख्य हँडलर फ्री थ्रो लाइनवर असताना दुसरा विश्वासाचा हात कोर्टवर होता, म्हणून हे होऊ शकलं. आपल्या यादीत तो दुसरा हात कोणता?

तिसरी तक्रार इनबाउंड पासची. आपल्याकडे बास्केट खाल्ली की जो जवळ असेल तो, म्हणजे बहुतेक वेळा सेंटर, बॉल घेऊन एंडलाइनबाहेर जातो. हे काम ठरवून द्यायचं असतं. इनबाउंड करणारा खेळाडू पास दिल्यावर कोर्टमध्ये येतो आणि प्रेसमध्ये मागे पास घ्यायला तोच सगळ्यात मोकळा असतो. म्हणून तो उंच, थंड डोक्याचा आणि दोन्ही हातांनी पास देणारा हवा. शिवाय बास्केटनंतर तो एंडलाइनवर हवं तेवढं डावी-उजवीकडे धावू शकतो, पण बॉल बाहेर गेल्यावर किंवा व्हायोलेशननंतर (नियमभंगानंतर) त्याला एकूण एका मीटरपेक्षा जास्त बाजूला सरकता येत नाही. हा फरक माहीत नसलेल्या खेळाडूने स्वस्तात बॉल घालवल्याचं टेबलवर बसणाऱ्यांना नेहमी दिसतं.

सरावाबद्दल. सध्याच्या वेळापत्रकात बॉल हाताळण्याला वॉर्म-अपमध्ये पाच मिनिटं आहेत आणि तीही कोनभोवती ड्रिबल करण्यात जातात. कोन अंगावर येत नाही, हात घालत नाही, वाट बंद करत नाही. त्यातून बोटांना सवय होते, निर्णय घ्यायची होत नाही. दोन तासांच्या सरावात किमान 25 मिनिटं यासाठी हवीत. दोन बॉल घेऊन जागेवर आणि चालत ड्रिबल पाच मिनिटं, सगळ्यांसाठी, सेंटरसकट. मग पूर्ण कोर्टवर एकास एक, अर्धं अंतर फक्त डाव्या हाताने. मग एकाविरुद्ध दोघे, मागे येण्याचा ड्रिबल आणि ट्रॅपमधला पास यांसाठी. शेवटी पाच जणांविरुद्ध सात जणांचा प्रेस, समोर 8 सेकंदांचं घड्याळ लावून. सात बचावपटूंविरुद्ध रेषा ओलांडायला शिकलेला संघ पाच जणांविरुद्ध घाबरत नाही. हा शेवटचा भाग सरावाच्या अखेरीस, पाय दमलेले असतानाच घ्यायचा, कारण सामन्यात प्रेस तेव्हाच लागतो. आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचा विनाड्रिबल सामनाही घ्यावा. त्याने पास घेण्याआधी मोकळ्या जागेत यायची सवय लागते.

प्रेस दोन प्रकारचे तरी दाखवायला हवेत. 2-2-1 (हे आकडे म्हणजे पुढून मागे प्रत्येक ओळीतले बचावपटू) हळूहळू साइडलाइनकडे नेऊन सेकंद खातो, तिथे मध्यभागी येणारा खेळाडू महत्त्वाचा. 1-2-1-1 पहिल्या पासवरच ट्रॅप लावतो, तिथे इनबाउंड करणारा परत मागे मिळणं महत्त्वाचं. दोन्हींना एकच उत्तर चालत नाही.

मुलींच्या संघाची अवस्था याहून वाईट आहे. त्यांना सरावाला 7 नंबरचे बॉल मिळतात आणि सामना 6 नंबरच्या बॉलने होतो. आकार आणि वजन दोन्ही बदलतं, त्यामुळे ड्रिबलची उसळी आणि पासची ताकद सामन्याच्या दिवशी नव्याने जुळवावी लागते. याला सबब नाही. 6 नंबरचे बॉल ताबडतोब द्यावेत. मुलांच्या बॉलमधलेही बरेच गुळगुळीत झालेत, घामाने ओले हात त्यावरून निसटतात.

निवड चाचणीत पळण्याची वेळ, उंच उडी आणि तीन गुणांचे शॉट मोजले गेले. बॉल हाताळणं कुणी मोजलंच नाही. दबावाखाली रेषा ओलांडता येते का, ट्रॅपमधून पास निघतो का, डावा हात चालतो का, यांपैकी एकही गोष्ट न पाहता एक हँडलर ठेवला आणि दुसरा काढला. काढलेल्या खेळाडूवर अन्याय झाला असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचा शॉट साधारण असेल, पण आपल्या संघाची पडती बाजू शॉट नव्हतीच.

बॉल जास्त हातांत गेला तर टर्नओव्हर (शॉट न मारताच बॉल गमावणं) वाढतील, ही भीती आम्ही झटकून टाकत नाही. पहिल्या सराव सामन्यांत ते वाढतीलही. पण सगळे टर्नओव्हर सारखे नसतात. बॉल बाहेर गेला किंवा पाऊल मोजलं गेलं (ड्रिबल न करता जास्त पावलं टाकली) तर खेळ थांबतो आणि बचाव जागेवर येतो. मध्यभागी पास चोरला गेला तर समोरच्याला सरळ ले-अप मिळतो. पहिला प्रकार आपल्याला सोसतो, दुसरा सोसत नाही, आणि दमलेल्या एकट्या गार्डच्या हातून दुसराच प्रकार जास्त होतो. शिवाय टर्नओव्हर नुसते मोजून उपयोग नाही, ते पझेशनच्या तुलनेत पाहावे लागतात. मारलेले शॉट, अधिक फ्री थ्रोच्या 0.44 पट, वजा आपले आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, ही पझेशनची अंदाजी संख्या. समजा 62 शॉट, 16 फ्री थ्रो, 10 आक्रमक रिबाउंड आणि 15 टर्नओव्हर, तर पझेशन साधारण 74 होतात आणि दर पाचातला एक बॉल हातून गेला. त्याच सामन्यात कोणाच्या हातून, कोर्टच्या कुठल्या भागात, शॉट क्लॉकवर किती असताना गेला, हे लिहिलं तर कोणाला किती मोकळीक द्यायची ते आपोआप कळतं.

सगळ्यांनी मनाला येईल तसं ड्रिबल करावं असं आम्ही म्हणत नाही. उलट प्रत्येकाची मर्यादा ठरलेली असावी. रिबाउंड घेतलेल्या फॉरवर्डने गर्दीतून बाहेर पडायला दोन-तीन ड्रिबल करावेत, समोर वाट मोकळी असेल तर रेषेपर्यंत यावं, बचावपटू समोर आला की पास. सेंटरला फ्री थ्रो लाइनपाशी एक किंवा दोन ड्रिबल. दुसऱ्या गार्डला पूर्ण मुभा. तिसरा हँडलर, जो एरवी विंगवर (कोर्टच्या बाजूला) खेळतो, त्याने दोघांपैकी एक बाहेर असताना किंवा अडवला गेला असताना बॉल आणावा. शॉट क्लॉकवर सात सेकंद उरले आणि चाल फसली तर बॉल कोणाकडे जाणार, आणि शेवटच्या मिनिटात आघाडी असताना फाउल झेलून फ्री थ्रो कोण मारणार, ही नावंही आधीच ठरावीत. ही दोन कामं एकाच खेळाडूला देणं नेहमी शहाणपणाचं नसतं.

आमच्या मागण्या अशा:

1. फॉरवर्ड आणि सेंटर यांच्यावरची ड्रिबलबंदी आणि त्यासाठी बेंचवर बसवण्याची शिक्षा मागे घ्यावी.

2. यादी अजून स्पर्धेच्या आयोजकांकडे गेलेली नाही. ती पाठवण्याआधी बॉल हाताळण्याची वेगळी चाचणी घ्यावी, वगळलेल्या गार्डला तिच्यात बोलवावं आणि बारा जणांत दबावाखाली बॉल वर आणू शकणारे किमान तीन खेळाडू असावेत. चाचणी सरावाच्या शेवटी घ्यावी आणि गुण सगळ्यांना दाखवावेत.

3. पहिला, दुसरा, तिसरा हँडलर, इनबाउंड करणारा, प्रेसमध्ये मध्यभागी येणारा, ही नावं आणि प्रत्येकाची मर्यादा लेखी ठरवावी. पहिला हँडलर फाउलमुळे बाहेर गेल्यास कोणाची जागा कोण घेणार तेही त्यात असावं.

4. दोन तासांच्या प्रत्येक सरावात 25 मिनिटं यासाठी राखावीत, मुलींच्या संघालाही तेवढीच.

5. मुलींना 6 नंबरचे बॉल, मुलांचे गुळगुळीत झालेले बॉल बदलून. सरावात शॉट क्लॉक चालू ठेवावा. तो नसेल तर मोठ्याने सेकंद मोजणारा एक माणूस पुरतो.

6. सराव सामन्यांत प्रत्येक पझेशनची नोंद ठेवावी आणि ती खेळाडूंसोबत बसून पाहावी.

चौथ्या मागणीसाठी वेळ कुठून काढायचा, हा प्रश्न येईल. सध्या रांगेत उभं राहून आपल्या पाळीची वाट पाहत मारलेल्या शॉटमध्ये बराच वेळ जातो. एका बास्केटला दहा जण उभे राहण्याऐवजी पाच जण शॉट मारतील आणि पाच जण कोर्टच्या दुसऱ्या अर्ध्यात एकाविरुद्ध दोघे खेळतील, मग पाळी बदलेल. वेगळा वेळ लागणारच नाही.

पॉइंट गार्डविरुद्ध आमचं काही नाही. तो चांगला खेळाडू आहे, आणि या निर्णयाने सगळ्यात आधी त्याचंच नुकसान होणार आहे. प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर टर्नओव्हरच्या रकान्यात त्याचंच नाव दिसेल आणि बोलणी त्यालाच बसतील. त्याला 29 ताज्या मिनिटांचा खेळ खेळू द्या.

या पत्राचं उत्तर पहिल्या सराव सामन्याच्या आधी त्याच फलकावर लावावं अशी विनंती आहे. नोंदीचा तक्ता आम्ही तयार करून देऊ, आणि सराव सामन्यांत टेबलवर बसून ती नोंद ठेवायलाही आमच्यातले लोक येतील. तारखा तेवढ्या आधी कळवाव्यात.

आपले,
संघाचे माजी खेळाडू, ज्युनियर प्रशिक्षक आणि टेबलवर काम करणारे